माय गाडीत बसली की

दुसऱ्यांच्या गाड्या बऱ्या करायच्या आणि आपण एसटीच्या दांड्याला लोंबकळायचं, असं वर्षाराणीचं चाललं होतं. लातूरच्या एका आयटीआयमध्ये ती पोरांना मोटर मेकॅनिकचं काम शिकवायची. बाकीचे मास्तर 'दिव्याखाली अंधार' म्हणून तिला चिडवत आणि तीही हसून सोडून द्यायची. गाडीचं बॉनेट उघडलं की मात्र तिच्यापुढं कुणाची टाप नव्हती. पहिल्याच तासाला ती पोरांना सांगायची, बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग बघा. दहा गोष्टींना हात लावला की गाडी सुरू झाली तरी ती कशानं झाली ते कळत नाही. घाईच्या माणसाला गाडी कधी खरं सांगत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

त्या सकाळी घाई तिलाच होती. अर्धापूरजवळच्या आपल्या माहेरी, अंगणातल्या कडुलिंबाखाली, वडिलांच्या पांढऱ्या जीपमध्ये ती चावी धरून बसली होती. शेजारी तिची माय, सुभद्राबाई, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. वडील, म्हणजे देविदास आबा, जाऊन सव्वा महिना झाला होता. सुतक फिटलं होतं, पाहुणे पांगले होते. आता मायलेकींना लातूर गाठायचं होतं, कारण तिथल्या दवाखान्यात मायची थोरली बहीण शिवकांता अखेरच्या घटका मोजत होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. मावशी मधूनच डोळे उघडायची आणि विचारायची, "सुभद्री आली का?" आबा गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मरत्या माणसाच्या कानावर मरण कशाला घालायचं, असं तिच्या घरच्यांनी ठरवलं होतं.

वर्षाराणीनं चावी फिरवली.

टक्.

एवढंच. इंजिन हललं नाही, डुगडुगलं नाही. मायनं पिशवीचे बंद घट्ट धरले. वर्षाराणीनं पुन्हा फिरवली. पुन्हा तेच, एक कोरडं टक् आणि मग लिंबावरच्या पाखरांचा आवाज.

तो आवाज या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता, हे कबूल करायला पाहिजे. आबांना नाही म्हणायचं असलं की ते शब्द खर्च करत नसत. हनुवटी जराशी वर उचलायची, जीभ टाळ्याला लावायची आणि सोडायची. टक्. झालं, विषय संपला. पोरीनं शिकायला लातूरला जायचं विचारलं तेव्हा आधी टक्, मग वर्षभरानं कशीबशी मान हलली होती. मायला मात्र त्या मानेचा योग कधी आला नाही. शिवकांता मावशीच्या मुलीच्या लग्नात फेट्याचा मान दुसऱ्याच पाहुण्याला आधी गेला, आणि आबा भरल्या पंगतीतून उठले. मायच्या उष्ट्या हाताला पाणीसुद्धा लागू दिलं नाही, तशीच गाडीत घातली. त्या दिवसापासून बहिणींची तोंडं बघणं बंद झालं. दरसाल नागपंचमी आली, दिवाळी आली की माय चुलीपुढून विचारायची, "जाऊ का?" आणि ओसरीवरून उत्तर यायचं.

वर्षाराणीला ते आठवलं आणि तिनं ते झटकूनही टाकलं. असल्या विचारांनी स्टार्टर फिरत नसतो.

"काय झालं गं?" मायनं विचारलं.

"काही न्हाई. तू उतर खाली, सावलीत बस. मी बघते."

बॅटरी उतरलेली असती तर दमेकऱ्याच्या खोकल्यागत टकटकटकटक झालं असतं आणि दिवे मिणमिणले असते. इथं दिवे लख्ख होते, हॉर्न असा वाजला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. एकच टक् येतं तेव्हा वीज निघते पण पोचत नाही. एक तर बॅटरीच्या टोकांवर गंज बसलेला असतो, नाही तर अर्थिंगची वायर ढिली असते, नाही तर स्टार्टरच आतून अडकलेला असतो. वर्षाराणीनं बाह्या सारल्या.

टोकांवर हिरवट-पांढरा थर खरंच होता. भावजय शीलाकडून तिनं गरम पाणी आणि खायचा सोडा मागून घेतला, थर धुऊन काढला, टोकं खरवडून चकचकीत केली, आवळली. अर्थिंगची वायर इंजिनापासून चॅसीपर्यंत तपासली. धाकटा भाऊ सुदाम विहिरीवरची मोटार लावून, केळीला पाणी सोडून आला तेव्हा तिनं चावी फिरवली, आणि जीप पहिल्याच फटक्याला धडधडली.

"बघ, गंज होता," ती म्हणाली. तिला हायसं वाटलं. "माय, चल, बस."

बंद केल्यावर गाडी पुन्हा नीट सुरू होते का ते बघावं म्हणून तिनं इंजिन थांबवलं. माय आली, पिशवी मांडीवर घेऊन बसली. वर्षाराणीनं चावी फिरवली.

टक्.

सुदाम हसला. "सोडा कमी पडला का, ताई?"

मग दुपारपर्यंत तिनं जे जे येत होतं ते सगळं केलं. मीटर लावून बघितला, बॅटरीत ताकद भरपूर होती. सुदामनं ट्रॅक्टर आणून लावला, त्याच्या बॅटरीवरून वायर ओढली, तरी टक्. पान्यानं स्टार्टरच्या पाठीवर हलके ठोके दिले, कधी कधी आतलं अडकलेलं त्यानं सुटतं. सुटलं नाही. इंजिन आतून जाम झालंय का म्हणून पुढची पुली हातानं फिरवली, ती लोण्यासारखी फिरली. आणि दर वेळी असं व्हायचं की माय कंटाळून उतरायची, लिंबाखाली जाऊन बसायची, वर्षाराणी सहज चावी फिरवायची, आणि गाडी सुरू व्हायची.

हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. इंजिनात, वायरीत, मीटरच्या काट्यात ती शोधत होती आणि बदलत होती ती एकच गोष्ट तिनं मोजलीच नव्हती. पण ती मास्तरीण होती. जे दिसतं ते तपासायचं, मग ते कितीही खुळ्यासारखं दिसो.

"सुदाम, तू बस रे इथं."

सुदाम मायच्या जागेवर बसला. गाडी सुरू झाली.

"शीला, तू ये."

शीला पदर खोचून बसली. गाडी सुरू झाली.

पेंडीचं पोतं आणून सीटवर ठेवलं. सुरू झाली. मायला मागच्या सीटवर बसवलं, आबा नेहमी तिला मागंच बसवायचे. टक्. पुन्हा पुढं बसवलं. टक्. पुढच्या सीटवर माय आणि चावीपाशी सुदाम. टक्. मग तिनं गाडी रिकामीच सुरू केली, चालू ठेवली, ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला आणि मायला म्हणाली, "आता चढ."

मायनं पायरीवर पाऊल ठेवलं आणि इंजिन बंद पडलं.

वारा पडला होता, शेजारच्या केळीचं एक फाटकं पान मात्र हलत होतं. शीलानं घरात जाऊन दार लोटून घेतलं.

"सीटच्या खाली वायर असंल," वर्षाराणी म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. "अंगाच्या भारानं दबत असंल." तिनं सीट उपसून काढली. आणि खरोखर, सीटच्या खालून जाणाऱ्या वायरीचं आवरण एका जागी झिजून तांबं उघडं पडलं होतं. ती एवढी हरखली की मोठ्यानं ओरडली. सुदामला बोलावून दाखवलं, वायरीला टेप गुंडाळला, सीट बसवली, घाम पुसला. पोतं आणि सुदाम मायपेक्षा दुपटीनं जड आहेत, त्यांच्या भारानं वायर का दबली नाही, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. उत्तर सापडल्यावर माणूस असले प्रश्न विचारत नाही.

"बस, माय."

माय बसली. आता तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

टक्.

तेवढ्यात थोरले काका आले. अण्णाराव, आबांचे मोठे भाऊ. आबांच्या माघारी या घराचा शब्द आता त्यांचाच. सकाळपासूनची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. ते गाडीला एक फेरी घालून आले, काठी टेकून उभे राहिले आणि सरळ मायकडं बघून म्हणाले, "शब्द दिलता तू. इसरली का?"

माय खाली बघत राहिली. वर्षाराणीच्या डोळ्यांपुढं आसना नदीचा काठ उभा राहिला.

दहाव्याचा दिवस होता तो. पिंड मांडून सगळे लांब सरले होते आणि कावळा काही शिवत नव्हता. बाभळीवर कावळे रांगेनं बसले होते, एक खाली यायचा, पिंडापासून हातभर लांब थांबायचा आणि उडून जायचा. मग नेहमीचं सुरू झालं. मेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून एकेकानं पुढं व्हायचं आणि बोलून दाखवायचं. सुदाम म्हणाला, आबा, केळीची बाग तशीच ठेवीन. कावळा आला नाही. वर्षाराणी म्हणाली, आबा, मी सुखात हाय, माझी काळजी करू नका. आला नाही. कुणी देवाचं बोललं, कुणी बैलाचं. ऊन चढत गेलं, पोरं भुकेनं रडायला लागली, भटजींनी दर्भाचा कावळा करायची तयारी केली. तेव्हा अण्णाराव मायच्या मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "म्हण, मी तुमचं घर सोडून कुठंबी जाणार न्हाई." मायनं मान वर केली, कावळ्यांकडं बघितलं, आणि म्हणाली. शब्द तोंडातून पुरता निघाला नाही तोच सगळेच्या सगळे कावळे पिंडावर तुटून पडले.

त्या दिवशी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. वर्षाराणीनंसुद्धा. भुकेल्या लोकांना जेवायला मिळणार होतं. एका विधवेनं कावळ्यांपुढं काय कबूल केलं, याचा विचार करायला तिथं कुणाला सवड होती?

"काका, एका दिवसाचं तर काम हाय," सुदाम काकुळतीला येऊन म्हणाला. "तिची बहीण मरून राहिली."

"तेच सांग त्याला." अण्णारावांनी काठी गाडीकडं रोखली. "उद्या परत आणतो म्हण. त्याचा जीव तिच्यात हाय, दुसरं काय?"

सुदामनं घरातून लिंबं आणली आणि चारी चाकांखाली ठेवली. बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं. दसऱ्याला आबा जे करायचे तेच, फक्त त्या वेळी सुदाम भीत नसे. त्यानं गाडीपुढं हात जोडले. "आबा, मायला उद्या संध्याकाळी परत आणतो. तुमच्या गळ्याशप्पथ." माय गाडीत बसली होती. वर्षाराणीनं चावी फिरवली.

टक्.

"ताई, दवाखान्यातून परत येताना कुठंबी थांबणार न्हाई म्हण."

तिनं म्हटलं. आपण एका जीपशी बोलतोय याची लाज वाटायचीसुद्धा तिच्यात राहिली नव्हती. टक्. अण्णाराव म्हणाले, शिवकांतेच्या घरचं पाणी पिणार न्हाई म्हणा. सुदामनं तेही म्हटलं. टक्. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. फेट्याचा राग सरणावर जळायला पाहिजे होता, तो इथं अंगणात येऊन बसला होता.

वर्षाराणीचा फोन वाजला. लातूरहून मावशीची लेक दीपमाला बोलत होती. "निघालात का? आई सारखी दाराकडं बघून राहिली. आता बोलणं बी बंद झालंय तिचं, नुसते डोळे हायत." तिचा आवाज फुटला. "लवकर या गं."

फोन मायनंही ऐकला होता. ती उतरली आणि गाडीला पाठ करून उभी राहिली.

वर्षाराणीला आता राग आला. भीतीचा राग, आणि तिला तो आवडला, कारण रागात हात चालतात. तिनं पाना घेतला, बॅटरीची आधी काळी वायर सोडवली, मग लाल. पट्टी काढली, बॅटरी दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतली आणि लिंबाच्या मुळाशी जमिनीवर ठेवली. "सुदाम, अर्धापूरला जा आणि दुसरी बॅटरी घेऊन ये. कोरी. मी सगळी वायरिंग उकलते. बघते कशी होत न्हाई ती."

"चावी दे इकडं," माय म्हणाली.

सकाळपासून तिनं काही मागितलं नव्हतं, म्हणून वर्षाराणीनं चावी देऊन टाकली. माय गाडीपाशी गेली. बॉनेट उघडंच होतं. जिथून बॅटरी काढली ती जागा रिकामी होती, वायरींची टोकं हवेत लोंबत होती. मायनं चावी लावली नाही. ती नुसती मुठीत धरली, दुसऱ्या हाताचा तळवा गाडीच्या पत्र्यावर ठेवला आणि चुलीपुढून विचारायची त्याच आवाजात विचारलं, "जाऊ का?"

टक्.

वर्षाराणीनं ते ऐकलं. सुदामनं ऐकलं. अण्णारावांच्या हातातली काठी खाली पडली आणि ती उचलायला ते वाकले नाहीत. बॅटरी लिंबाखाली होती. तिच्यावर एक मुंगी चढत होती, वर्षाराणीला ती स्पष्ट दिसत होती. इतकी वर्षं शिकवलेलं, शिकलेलं, सगळं तिच्या पायाखालून वाळूसारखं सरकलं.

माय मात्र भ्याली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. संशय असतो तोवर माणूस कुढतो, खात्री पटली की त्याला रस्ता दिसतो. सकाळपासून बाकीचे बॅटरी बघत होते, वायर बघत होते, आबांचा जीव बघत होते. तिनं पहिल्याच टक् ला ओळखलं होतं आणि दिवसभर ती नुसती खात्री करून घेत होती.

तिनं चावी गाडीच्या मडगार्डवर ठेवली. गाडीतून आपली पिशवी घेतली.

"कुठं निघालीस?" अण्णाराव म्हणाले.

"फाट्यावर. एसटी येईल आता."

"एसटीनं?" अण्णारावांना भूत परवडलं पण हे परवडेना. या घरच्या बाया एसटीचे धक्के खात नाहीत, हा आबांचा तोरा होता. गाडीनं जायचं, आणि गाडी आबा सांगतील तिथं जायची. "अगं, शब्द दिलता तू!"

"म्या न्हाई दिला, भावजी. तुम्ही माझ्या तोंडातून काढून घेतला." ती शांतपणे बोलली. "पोरं उपाशी होती म्हणून म्हणले मी."

ती चालायला लागली. वर्षाराणी भानावर आली आणि हात न धुताच तिच्या मागं पळाली. केळीच्या दोन बागांमधून फाट्याकडं जाणारी वाट होती. वारा नव्हता तरी पानं सळसळत होती, आधी त्यांच्या मागची, मग बरोबरची. वर्षाराणीला मागं वळून बघायचं होतं. मायनं तिचं मनगट धरलं. "बघू नको. चाल."

फाट्यावर एसटी आली. मायनं हात केला. नांदेडची होती, तिथून लातूरची धरायची होती. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, समोरच्या टपरीवरून पाण्याची बाटली भरून घेण्यासाठी इंजिन बंद केलं आणि उतरला. मायलेकी खिडकीजवळच्या बाकावर बसल्या. बस माणसांनी भरलेली होती, कुणी गाठोडं सावरत होतं, कुणाचं तान्हं रडत होतं. इथं काही होणार नाही, असं वर्षाराणीला वाटलं.

ड्रायव्हर येऊन बसला. चावी फिरवली.

टक्.

"आत्ता काय झालं हिला?" ड्रायव्हर म्हणाला. पुन्हा फिरवली. टक्.

कंडक्टर ओरडला, "चला, धक्का मारायला उतरा गड्यांनो." चारदोन माणसं कुरकुरत उठली. मागून कुणी म्हणालं, आत्ता तर बरी आली होती. वर्षाराणीला वाटलं आता माय उठेल, उतरेल, त्या केळीतल्या वाटेनं मुकाट परत चालायला लागेल. तिनं मायचा हात धरला. तो थंड होता, पण थरथरत नव्हता.

आपल्याकडं घरातून निघणारं माणूस कधी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतं. शेजारी मीठ मागायला निघालेली बाईसुद्धा 'येते' म्हणते, कारण जाते म्हणणं म्हणजे परतीची वाट मोडणं. मायनं जन्मभर ते पाळलं होतं. तिनं खिडकीतून केळीच्या बागांकडं बघितलं. तिकडं कुणी उभं असल्यासारखी ती बघत होती, डोळ्याला डोळा देऊन.

"जाते मी," ती म्हणाली.

पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं चमकून मागं बघितलं. केळीची पानं एकाएकी थांबली.

ड्रायव्हरनं शिवी हासडून तिसऱ्यांदा चावी फिरवली आणि एसटी अशी धडाडली की धक्का मारायला उतरलेली माणसं पळत पळत दारात चढली. मायनं खिडकीची काच सरकवली. नांदेड येईपर्यंत ती बाहेरचं बघत होती. लोहा, अहमदपूर मागं पडलं, ऊन कललं, आणि तिनं एकदाही 'किती राहिलं' असं विचारलं नाही. वर्षाराणी मात्र प्रत्येक स्टँडवर ड्रायव्हरच्या हाताकडं बघत होती.

लातूरच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना सुदामचा फोन आला. तो कुजबुजत बोलत होता. "ताई, बॅटरी अजून लिंबाखालीच हाय. कुणी हात न्हाई लावला. पण ती गाडी... तुम्ही गेल्यापासून थांबून थांबून वाजून राहिली. काका म्हणतेत मायला पाठवून दे."

"काय म्हणतो?" मायनं विचारलं.

वर्षाराणीला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "गाडी वाजून राहिली म्हणतो."

"वाजू दे."

दीपमाला दारातच उभी होती. तिनं मायला मिठी मारली, रडली, आणि बाजूला झाली. खाटेवर शिवकांता मावशी एवढीशी होऊन पडली होती, अंथरुणात ती आहे की नाही ते कळू नये इतकी. डोळे उघडे होते. ते दारातून आत आलेल्या बहिणीवर येऊन थांबले, आणि दुपारपासून बंद पडलेली वाचा तिला परत आली.

"सुभद्री?"

"हाव, अक्का. मीच."

मावशी बघत राहिली. एका मांडवातून उष्ट्या हातानं उठवून नेलेली बहीण म्हातारी होऊन परत आली होती. मावशीचे ओठ हलले. वर्षाराणीला वाकून ऐकावं लागलं.

"त्यानं सोडलं तुला?"

सुभद्राबाईनं हनुवटी जराशी वर उचलली, जीभ टाळ्याला लावली आणि सोडली.

टक्.

मग तिनं पिशवी खाली ठेवली, खाटेवर बहिणीच्या उशाशी बसली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.